जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही? कव्हर उघडण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दीड वाजता फोन वाजला की मी ओळखतो, कोणाची तरी लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी हायड्रॉलिक, बसली. “भाऊ, लिफ्ट उचलून नाही राहिली ना जी. सकाळी तर मस्त चालू होती.” उन्हाळवाहीचे दिवस, पल्टी नांगर तासात अर्धा रुतलेला, ड्रायव्हर धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलेला. मालकाच्या डोक्यात एकच हिशोब चालू असतो, मिस्त्री कधी येईल आणि कव्हर उघडायचे किती घेईल.

मी मिस्त्री नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात आमची शेती आहे. थोडी संत्र्याची बाग, बाकी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. घरी जुनी मॅसी १०३५ आणि चुलतभावाकडे तेवढीच जुनी महिंद्रा २७५. या दोन गाड्यांच्या मागे वाकून वाकून जे कळलं ते असं की लिफ्ट बहुतेक वेळा बिघडलेलीच नसते. दांडा भलत्या जागी असतो, नॉब फिरलेली असते, तेल कमी असतं किंवा तेल गाळणारी जाळी चोंदलेली असते. यातलं काहीच नसेल तर मग कव्हर.

हे शहाणपण मला फुकट मिळालं नाही. एका गॅरेजात आमच्या मॅसीचं वरचं कव्हर उघडलं, पिस्टनचा सील आणि ओ रिंग बदलली, साडेसात हजार घेतले. तीन दिवसांनी लिफ्ट पुन्हा मंद. शेवटी खालची जाळी काढली तर तिच्यावर कापसाच्या वातीसारखा गाळ गुंडाळलेला. सील तोवर चांगलाच असावा. जुना सील मी परत मागितलाच नव्हता, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

दोन दांड्यांचा घोळ

सीटच्या उजव्या हाताला क्वाड्रंट, म्हणजे खुणांची पट्टी असते आणि त्यावर दोन दांडे. एक पोझिशनचा, एक ड्राफ्टचा. गावात दोघांनाही सरसकट ‘लिफ्टचा दांडा’ म्हणतात, आणि इथूनच घोळ सुरू होतो. नवीन सालदाराला आपण सांगतो, “हा वर कर, खाली कर.” दुसरा कशाला आहे ते सांगतच नाही. मग रस्त्यात कधीतरी त्याचा गुडघा त्या दुसऱ्या दांड्याला लागतो, तो चार बोटं खाली सरकतो, आणि वावरात गेल्यावर पहिला दांडा कितीही वर ओढा, रोटाव्हेटर जागचा हलत नाही.

पोझिशनचं काम सोपं आहे. दांडा जिथे ठेवाल, तेवढ्या उंचीवर आर्म, म्हणजे लिफ्टचे उचलणारे हात, जाऊन थांबतात. आत व्हॉल्वला आर्मची जागा कळते. आर्म तिथे पोहोचले की तेल बंद. जमीन कडक असो की भुसभुशीत, त्याला त्याचं काही नाही. रोटाव्हेटर, फवारणीचा पंप, लेव्हलिंगचं पातं, खड्डे खोदायचं यंत्र, ही सगळी पोझिशनची कामं.

ड्राफ्टचं डोकं वेगळं आहे. नांगर जमिनीत ओढला जातो तेव्हा तो वरून पुढे कलंडू पाहतो आणि टॉप लिंक, म्हणजे अवजार वरून धरणारा मधला दांडा, ट्रॅक्टरच्या अंगावर दाबली जाते. टॉप लिंक जिथे अडकवतो त्याच्या मागे एक जाड स्प्रिंग असते. जमीन कडक आली, ओढ वाढली, की ती स्प्रिंग दबते, तिच्यामुळे व्हॉल्व हलतो आणि नांगर किंचित वर येतो. पुढे मऊ पट्टा आला की स्प्रिंग सुटते, नांगर पुन्हा खाली. म्हणजे ड्राफ्टच्या दांड्यानं तुम्ही खोली ठरवत नाही, ओढ ठरवता. आमच्याकडे एकाच वावरात वरच्या बाजूला बरड आणि खाली नाल्याकडे काळी माती असते. अशा ठिकाणी ड्राफ्टवर चालणारा नांगर इंजिनाला दम लागू देत नाही. शिवाय नांगर थोडा उचलला जातो तेव्हा त्याचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि चाकं घसरत नाहीत.

ही करामत आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. हायड्रॉलिकवर चालणारी तीन जोडांची पद्धत घेऊन फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर १९३६ साली बाजारात आला, १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर तीच पद्धत बसली, आणि पुढे जगभरच्या ट्रॅक्टरांनी ती उचलली. फर्ग्युसनची कंपनी १९५३ साली मॅसी-हॅरिसमध्ये मिळाली आणि १९५८ पासून मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. चेन्नईची टॅफे १९६० साली सुरू झाली ती याच गाड्या बनवायला. त्यामुळे गावातली जुनी मॅसी आणि फर्ग्युसनची मूळ लिफ्ट यांची रक्ताची नाती आहेत. आपल्याकडच्या जाहिरातींत या पद्धतीला ए.डी.डी.सी. (ऑटोमॅटिक डेप्थ अँड ड्राफ्ट कंट्रोल) म्हणतात, आणि विकणारा ते असं सांगतो जणू काल शोध लागला.

आता चूक नेमकी कुठे होते ते बघा. पोझिशनवर काम करायचं असेल तर ड्राफ्टचा दांडा पूर्ण वर हवा. तो खाली राहिला तर तो आपल्याच हिशोबानं अवजार खाली ठेवायला बघतो. जुन्या मॅसीत ड्राफ्टवर काम करताना पोझिशनचा दांडा क्वाड्रंटवरच्या ‘रिस्पॉन्स’च्या पट्ट्यात ठेवायचा असतो, तिथे फास्ट आणि स्लो अशा खुणा असतात आणि अवजार किती झटकन खाली-वर प्रतिसाद देणार ते तिथून ठरतं. ड्राफ्टच्या बाजूला दोन ठिपके असतात, रोजची नांगरटी त्यांच्या मधे कुठेतरी जमते. महिंद्रा, स्वराज, आयशर यांच्या खुणा वेगळ्या, दांड्यांचा क्रमही वेगळा. शेजाऱ्याच्या गाडीवर शिकलेलं आपल्या गाडीवर जसंच्या तसं चालवू नका.

आणि खुणा असतात म्हटलं तरी वीस वर्षांच्या गाडीवर त्या दिसतात कुठे? आमच्या क्वाड्रंटवर रंगाचा पापुद्राही उरला नव्हता. मी मुलीची लाल नेलपॉलिश घेतली आणि ठिपके पुन्हा दिले. डिझेल सांडलं तरी बरेच महिने टिकतात. मुलीनं नवीन बाटली वसूल केली ती गोष्ट वेगळी.

रोटाव्हेटर ड्राफ्टवर चालवणारे लोक मी पाहिले आहेत. रोटाव्हेटरला पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट, फिरवतो, पाती मातीत फिरताना त्याला उलट पुढेच ढकलतात; ओढ म्हणावी अशी नसतेच, टॉप लिंकवर नीट दाब येत नाही. मग यंत्र उगाच खाली-वर करतं, मागे जमीन लाटांसारखी होते, आणि खापर फुटतं पात्यांवर. उलट, कडक उन्हाळी काळ्या मातीत पल्टी नांगर पोझिशनवर चालवला तर ढेकळांच्या चढावर पुढची चाकं वर गेली की मागे नांगर गच्च खाली जातो, आणि इंजिन बंद पडायला येतं. पेरणी यंत्राला स्वतःची खोलीची चाकं असतील तर त्याला लिफ्टनं धरून ठेवू नका. दांडा पूर्ण खाली सोडा, यंत्र जमिनीबरोबर तरंगू द्या, नाहीतर सोयाबीनचं बी कुठे बोटभर खोल तर कुठे वरच पडलेलं दिसेल.

ड्राफ्ट काम करत नाही अशी शंका आली तर एक तपासणी हातानं होते. अवजार काढा, टॉप लिंक काढा, आणि ती जिथे अडकते तो मागचा जोड मुठीत धरून पुढे-मागे जोरात हलवा. तो खडखडला, मोकळा खेळला, तर स्प्रिंगची सेटिंग ढिली झाली आहे. पहिला दाब त्या ढिलाईतच मुरतो आणि व्हॉल्वपर्यंत काही पोहोचत नाही. तो गंजून दगडासारखा बसला असेल तरी निकाल तोच. शिवाय बऱ्याच गाड्यांवर टॉप लिंकसाठी वर-खाली दोन-तीन भोकं असतात. जे भोक हाताला सोपं तेच वापरायची सवय आपल्याला आहे. अवजारानुसार कोणतं भोक घ्यायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि ड्राफ्टचा हळवेपणा त्यावरच ठरतो.

खाली येत नाही? नॉब बघा

सीटच्या खाली किंवा समोर एक छोटी नॉब असते. तिचं काम आर्म खाली येण्याचा वेग कमी-जास्त करणं. पूर्ण आवळली की आर्म वरच अडकतात. रस्त्यानं जाताना अवजार चुकून खाली येऊ नये म्हणून ती आवळून ठेवणं ही चांगलीच सवय आहे, पण आवळली हे विसरायचं नाही. आमच्याच गावात एकानं दांडा खाली दाबून दाबून वाकवला, मग हातोडा घेतला. नॉब अडीच फेरे सोडली तेव्हा अवजार असं खाली आलं की तो स्वतःच दचकला. म्हणून नॉब सोडताना मागे कुणी उभं नाही ना, ते आधी बघा.

तसंच ट्रॉलीसाठी बसवलेल्या आयसोलेटर व्हॉल्वचं. तेल लिफ्टकडे जाणार की ट्रॉलीकडे, ते हा ठरवतो. मुरूम, विटा वाहायला हायड्रॉलिक ट्रॉली जोडली, काम झालं, नळी काढली, पण व्हॉल्व ट्रॉलीकडेच राहिला. तेल नळीच्या बंद तोंडाला जाऊन धडकतं, आत जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व कण्हतो, आणि लिफ्ट मात्र ढिम्म. अर्धवट फिरलेला व्हॉल्व तर आणखी फसवतो, कारण लिफ्ट उचलते पण रडत. मॅसीच्या क्वाड्रंटवर ट्रॉलीसाठी सतत पंपिंगची जागा असते. काम संपलं की दांडा तिथून काढा. तसाच राहिला तर पंप उगाच दाबावर राबत राहतो आणि तेल तापतं.

सकाळी उचलते, दुपारी नाही

आता त्या मेच्या फोनकडे येतो, कारण खरी मजा इथे आहे. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढे गेलेला पारा. गिअरबॉक्समधलं तेल त्याहून कितीतरी गरम. तेल तापलं की पातळ होतं, आणि पातळ तेल घासलेल्या पंपातून, कापलेल्या सीलमधून सहज निसटतं. सकाळच्या गार, जाड तेलात जी गळती झाकली जाते ती दुपारी उघडी पडते. म्हणून ‘सकाळी उचलते, दुपारी नाही’ हे वाक्य ऐकलं की दांडे आणि नॉब बघून झाल्यावर माझा संशय झिजलेल्या पार्टावर जातो. उलट डिसेंबरच्या सकाळी मंद असते आणि तासाभरानं सुधारते, तर तेल फार जाड आहे किंवा जाळी चोंदली आहे. गार जाड तेल चोंदलेल्या जाळीतून ओढताना पंपाला श्वास पुरत नाही, आणि तो एकसुरात कुईं करत राहतो.

पंप गेला की सील, हे ओळखायची माझी पद्धत अगदी साधी आहे. सपाट जागेवर जड अवजार पूर्ण वर उचला आणि इंजिन बंद करा. एक काठी घ्या, अवजाराच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप काठीवर खडूनं टिपा. आर्मच्या मधे, अवजाराखाली काही करू नका, बाजूला उभे राहून बघा. पाच मिनिटांनी पुन्हा मापा. थोडंसं बसलं तर जुन्या गाडीला माफ. पण एक-दोन मिनिटांतच अवजार जमिनीला टेकत असेल तर तेल धरून ठेवणारी बाजू गळते आहे. ती गळती पिस्टनचा सील, सिलिंडर, सेफ्टी व्हॉल्व किंवा आतल्या धरून ठेवणाऱ्या व्हॉल्वची. असं अवजार इंजिन चालू असताना वर धरलं तर ते थोडं बसतं, पंप पुन्हा उचलतो, पुन्हा बसतं. गाडीला उचकी लागली असं वाटतं. आता उलट बघा. वर उचललेलं अवजार इंजिन बंद करूनही हलत नाही, पण उचलायलाच वेळ लागतो किंवा फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावरच उचलतं, तर धरणारी बाजू ठीक आहे. मग संशय पंप, त्याची जाळी, तेलाची पातळी आणि रिलीफ व्हॉल्व यांच्यावर. ही एवढी विभागणी करून मिस्त्रीशी बोललात तर तो कव्हरचे बोल्ट सोडायच्या आधी दोनदा विचार करेल.

जुन्या मॅसीत आणखी एक गंमत आहे. तिचा पंप मागच्या घरात तेलात बुडालेला असतो आणि तो पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला असेल तर पंप बंद, लिफ्ट बंद. तसाच क्लच पूर्ण दाबला की लिफ्ट थांबते. डबल क्लच असेल तर पहिल्या टप्प्यात गाडी थांबते पण पीटीओ आणि लिफ्ट चालू राहतात, पूर्ण दाबल्यावर सगळं बंद होतं. कोपऱ्यावर वळताना क्लचवर पाय ठेवून दांडा वर ओढणारे नवे ड्रायव्हर म्हणूनच म्हणतात, “मधेच उचलते, मधेच नाही.” बिघाड त्यांच्या डाव्या पायात असतो. गिअर पंप ज्यांत इंजिनाबरोबर फिरतो अशा गाड्यांत हा प्रश्न येत नाही, इंजिन चालू म्हणजे पंप चालू. चुलतभावाची २७५ त्यातलीच. तिचं मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ कडे जातं, जी महिंद्रानं साठच्या दशकात भारतात बनवायला सुरुवात केली. हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना असल्यानं आमच्या भागात तिच्याबद्दल सल्ला देणारे हवे त्यापेक्षा जास्तच सापडतात.

तेल

डिपस्टिक बघायची तर आर्म पूर्ण खाली आणि गाडी सपाट जागेवर हवी. आर्म वर असतील तर बरंच तेल सिलिंडरमध्ये अडकलेलं असतं आणि डिपस्टिक कमी दाखवते. मग माणूस वरून ओततो आणि तेल जास्त होतं.

मोठ्या ट्रॉलीनं लिफ्टचे हाल होतात ते वेगळेच. ट्रॉलीचा जॅक उचलताना ट्रॅक्टरमधलंच तेल ओढतो. पातळी आधीच काठावर असेल तर ट्रॉली पूर्ण वर जाताना आत तेल कमी पडतं, पंप हवा ओढतो, तेलाचा फेस होतो, आणि मग लिफ्ट झटके देत चालते. भाड्यानं ट्रॉली जोडणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. दुसऱ्याच्या जॅकमधलं काळं, गाळ भरलेलं तेल उतरताना आपल्या गाडीत येतं. त्या गॅरेजात साडेसात हजार घालवले ती जाळी कशानं चोंदली असेल, याचा विचार मी नंतर केला. आदल्या वर्षी सावनेरकडच्या एका वीटभट्टीवर आम्ही महिनाभर ट्रॉली चालवली होती. नळी जोडण्याआधी तोंड फडक्यानं पुसणं, रबरी टोपण लावणं एवढंसुद्धा कुणी केलं नव्हतं. कुणी म्हणजे मी.

तेल कसं आहे ते बघायला पांढरी बशी घ्या. आर्म खाली सोडून, गाडी थोडी चालवून, लगेच थोडं तेल बशीत काढा आणि उन्हात धरा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. पावसाळ्यात गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबर आणि प्रेशरनं गाडी धुणं ही दोन नेहमीची कारणं. बुडबुडे असतील आणि बशी तासभर तशीच ठेवल्यावर निघून गेले तर ती हवा, पातळी किंवा पंप तेल ओढतो त्या (सक्शन) बाजूचा जोड बघा. बोटाच्या चिमटीत चोळल्यावर चमक राहिली, अगदी काजळासारखी बारीक, तर लोखंड किंवा पितळ घासलं जात आहे. पाणी गेलेलं तेल ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका. पंपाचे बारीक भाग आणि व्हॉल्व गंजतात, आणि तो खर्च तेलाच्या डब्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

कोणतं तेल घालायचं हा वाद गावात संपणार नाही. मॅसीसारख्या गाड्यांत गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट एकाच तेलात चालतात, म्हणून तिथे तिन्ही कामं करणारं ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेल लागतं. काही गाड्यांत लिफ्टचं तेल वेगळं असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर डीलरकडून मागवा, किंवा तुमच्याच मॉडेलवाल्याकडून फोटो काढून घ्या. दुकानदारानं “हेच सगळे घालतात” म्हणून दिलेला डबा ही काही शिफारस नव्हे. नव्वद नंबरचं घट्ट गिअर तेल घातल्यावर हिवाळ्यात लिफ्ट कशी रुसते ते चुलतभावानं अनुभवलं आहे.

जाळी मात्र स्वस्त आहे आणि बहुतेकांनी ती कधीच काढलेली नसते. तेल बदलताना ती काढा, डिझेलनं धुवा, वाळवा, फाटली असेल तर नवीन बसवा. कापडानं पुसू नका, कापडाचे धागे पुन्हा आतच जातात.

रिलीफ व्हॉल्व आवळू नका

“थोडी वाशर टाक आत, मग बघ कशी उचलते.” हा सल्ला मी दोन वेगवेगळ्या गावांत ऐकला आहे. रिलीफ व्हॉल्व ठरलेल्या दाबावर सुटायला बनवलेला असतो. जुन्या गाड्यांत तो दाब साधारण १५० ते २०० किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास. त्याच्या स्प्रिंगमागे वाशर टाकली तर लिफ्ट काही दिवस खरंच जास्त उचलते. मग एखाद्या दिवशी सिलिंडरला चीर जाते, नाहीतर नळी फाटते. अवजार उचलत नाही याचं कारण अनेकदा अवजारच असतं. चाळीस हॉर्सपॉवरच्या आतल्या गाडीची उचल हजार-बाराशे किलो सांगतात, पण ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी. वजन जितकं मागे, तितकी उचल कमी. सहा फुटी रोटाव्हेटर ओल्या मातीनं लदलेला असेल तर तो गिळायला जुनी लिफ्ट कुरकुरणारच, आणि पुढची चाकं हलकी होतील ते वेगळंच.

दाबाच्या तेलाबद्दल एक गोष्ट, जी मी हसत सांगत नाही. नळीतून बारीक फवारा उडत असेल तर बोट लावून गळती शोधू नका. या दाबाचं तेल कातडीतून आत जातं, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आणि आत हात सडू शकतो. असं झालं तर दुखो न दुखो, लगेच दवाखान्यात जाऊन ‘प्रेशरचं तेल घुसलं’ असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

आणि रोटाव्हेटरची पाती बदलताना लिफ्टवर विसंबून खाली वाकू नका. दोन्ही बाजूंना लाकडी ओंडके लावा, मगच हात घाला. इंजिन बंद, चावी खिशात. लिफ्ट वर धरून ठेवते ती एका रबरी सीलच्या भरवशावर.

बाकीच्या बारीकसारीक

टॉप लिंक आखूड केली तर अवजाराचं नाक खाली जातं आणि ते जास्त घुसतं, लांब केली तर वर राहतं. नांगर लागत नाही म्हणून ड्राफ्टला शिव्या देण्याआधी तिचे दोन फेरे फिरवून बघा. एकाच बाजूला माती टाकणारा पल्टी नांगर चालवताना उजवं चाक तासात असतं, गाडी उजवीकडे झुकते, म्हणून उजवी लिफ्टिंग रॉड थोडी आखूड करून नांगर जमिनीला समांतर आणावा लागतो. साखळ्या नांगराला थोड्या ढिल्या, रोटाव्हेटरला आणि फवारणी पंपाला आवळलेल्या. पिना बरोबर मापाच्या घ्या. पहिल्या कॅटेगरीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची १९ ची, दुसऱ्या कॅटेगरीत २८ आणि २५. मोठ्या भोकात लहान पिन आणि वर सळईचा तुकडा, हे आपल्याकडे सगळीकडे दिसतं, आणि त्या खडखडाटातच ड्राफ्टची निम्मी संवेदना मरते. रुतलेली गाडी किंवा झाडाचा बुंधा टॉप लिंकच्या जागेवरून कधीही ओढू नका. ओढ एवढ्या उंचीवरून पडली की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि ड्रायव्हरला उडी मारायला वेळ मिळत नाही.

हे सगळं बघून झालं आणि तरी उचलत नाही, तर मग कव्हर उघडणं आलं. मिस्त्रीला ‘लिफ्ट खराब’ एवढंच सांगू नका. आवाज येतो की नाही, गरम झाल्यावर बिघडते की गार असताना, इंजिन बंद केल्यावर किती वेळात बसते, हे सांगा. मॅसीच्या बाजूचं कव्हर काढून, आत बॅटरी मारून, तेल कुठून टपकतं ते बऱ्याचदा दिसतं. अनुभवी मिस्त्री आधी तेवढंच करतो. काम पावसाच्या आधी, मृगाच्या गर्दीच्या आधी करून घ्या, कारण पेरणीच्या आठवड्यात चांगला मिस्त्री कुठेच मिळत नाही. आणि बदललेला सील, ओ रिंग, जे काही निघेल ते पिशवीत घालून परत घ्या. कापलेला सील नखानं वाकवला की चीर उघडी दिसते. चांगला असेल तर तेही दिसतं.